नऊ मिनिटांचे अंतर

अकोल्याची शिवणी आणि अमरावतीचे बेलोरा या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे ७० किलोमीटर. ताशी ५०० किलोमीटर वेगाचे एटीआर विमान ते नऊएक मिनिटांत कापेल. हिशेब बरोबर आहे, फक्त असे विमान नाही. आणि ते असते, तरी तासभर आधीची हजेरी, तपासणी, सामान आणि दोन्ही टोकांचे ऑटो जमेस धरता बडनेऱ्याहून सुटलेली रेल्वेगाडी आधी अकोल्यात पोहोचली असती. तरीही वऱ्हाडात विमानतळाचा विषय निघाला, की किलोमीटर आणि मिनिटांचीच मोजदाद होते. वाट पाहण्याचे दिवस कोणी धरत नाही.

बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. हवेतला वेळ पावणेदोन तास. आरंभीच्या वेळापत्रकात फेऱ्या सोमवार, बुधवार आणि शुक्रवार अशा तीनच. चांदूर रेल्वेच्या माणसाचे शुक्रवारचे विमान हुकले, की त्याचा पावणेदोन तासांचा प्रवास थेट सोमवारवर जातो. रात्रीची गाडी मात्र त्याला शनिवारी सकाळी मुंबईत उतरवते. यावर उत्तर ठरलेले: आधी प्रवासी दिसू द्या, मग फेऱ्या वाढतील. पण कामाच्या दिवशी विमान नसेल तर प्रवासी दिसणार कुठून? नांदगाव पेठच्या वस्त्रोद्योग उद्यानासाठी मुंबईहून येणाऱ्यालाही एका दिवसात काम उरकून परतायचे असते. ‘उडान’ योजनेतील तूटभरपाई साधारण तीन वर्षांची. विमानाची सवय लागायची ती एवढ्या काळातच.

अकोलेकर म्हणतील, शिवणीचे विमानतळ १९४३ पासूनचे, मग आमचे काय? हा राग खोटा नाही. तिथली १४०० मीटरची धावपट्टी वाढवण्याचा प्रश्न पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी वर्षानुवर्षे अडून राहिला. पण उद्या ती वाढली आणि तिथूनही आठवड्याला तीन फेऱ्या सुटल्या, तर तेच प्रवासी दोन ठिकाणी वाटले जातील आणि दोन्हीकडे अर्धी विमाने रिकामी उडतील. त्यापेक्षा बेलोरा हे सगळ्या वऱ्हाडाचे विमानतळ मानून तिथून रोज सकाळ-संध्याकाळ विमान मागावे. अकोला, मूर्तिजापूर, चांदूर या तिन्ही ठिकाणांहून रेल्वे बडनेऱ्याला येतेच. बडनेरा स्थानकातून विमानाच्या वेळेला एसटी सोडायला ना धावपट्टी वाढवावी लागते, ना विद्यापीठाची जमीन घ्यावी लागते. त्यामुळे तिच्या उद्घाटनाला कोणी मंत्री मिळेल का, एवढीच शंका आहे.