हौस म्हणू नका, काम म्हणा

पामला झालेल्या बैठकीत ओळखीची फेरी चालली होती. प्रत्येकीनं नाव सांगायचं, काय काम करते ते सांगायचं. कोपऱ्यात बसलेली एक मैत्रीण तिची पाळी आली तशी पदर सारखा करत म्हणाली, "मी काही करत नाही ताई, घरीच असते. शिवणाची तेवढी हौस आहे." पुढची म्हणाली, "मी पण घरीच." तिच्या पुढचीही तेच. फेरी पुरी झाली तेव्हा निम्म्याहून जास्त बायका 'काही न करणाऱ्या' निघाल्या.

मग आम्ही त्या पहिलीला विचारलं, काल सकाळपासून काय केलंस ते सांग. ती सांगू लागली. साडेचारला उठले. नवऱ्याची एम.आय.डी.सी.त पहिली पाळी, म्हणून सहाच्या आत डबा. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी. मुलांना चपाती-भाजी, सासूबाईंना पथ्याची पेज. पाणी भरलं, भांडी, धुणं, झाडलोट. दहाला मशीनवर बसले. दोन अस्तराचे ब्लाउज, एका साडीला फॉल-बिडिंग. शेजारणीच्या मुलीचा शाळेच्या कार्यक्रमाचा झगा उसवून मोठा केला. शेजारीण आहे, तिच्याकडून पैसे कसे घ्यायचे? दुपारी ठेकेदाराचा माणूस तयार कपड्यांचा गठ्ठा टाकून गेला, त्याचे धागे तोडायचे होते. मधेच उन्हातल्या पापड्या उलटल्या. कतरणी उरल्या त्या गोधडीला लावल्या. संध्याकाळचा स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, रात्री हुक आणि काज. अकराला दिवा मालवला.

"आणि परवा?" परवा ती मुंबईला गेली होती, मंगलदास मार्केटात, अस्तर, लेस आणि ब्लाउज पीस आणायला. जाण्याआधी दोन वेळचं रांधून ठेवलं. बोईसरला गाडी पकडली, जाताना डब्यात बसून हुक लावले, येताना दोन पिशव्या पायांत धरून उभ्यानं आली. रात्री रिक्षानं घरी पोचली तेव्हा दारातच प्रश्न आला, "काय, आलीस का फिरून?"

मैत्रिणींनो, भांडण आहे ते या दोन शब्दांशी. शिवलं की 'हौस' आणि गाडीत बसली की 'फिरणं'. रांधलं तर शब्दच नाही, ते तर बाईनं करायचंच असतं! दिवसाचे सोळा-सतरा तास एक बाई राबते आणि तिच्या तोंडून निघतं, मी काही करत नाही. हे ती आपल्या मनानं बोलत नाही. तिला ते शिकवलं गेलं आहे.

हौस हा शब्द मोठा गोड आहे. बाईच्या अंगात कला आहे, हात देखणा आहे, सुगरण आहे, हौशी आहे, असं म्हटलं की तिलाही बरं वाटतं. बरं वाटावं यात गैर काही नाही. रंग जुळवताना, नक्षी काढताना तिला आनंद होतो, तो तिचा हक्काचा आहे. पण हाच शब्द तिच्या मजुरीवर पाणी सोडतो. हौसेला दाम मागायचा नसतो. हौसेला सुट्टी नसते, भविष्यनिर्वाह निधी नसतो, मान आणि पाठ दुखली तर औषधपाणी नसतं. मशीन तिचं, सुई-दोरा तिचा, विजेचं बिल तिच्या घरचं, जागा तिची. कारखान्याच्या मालकाला हे सगळं फुकट मिळतं आणि वर ठेकेदार ऐकवतो, "घरबसल्या चार पैसे मिळतात ना?" कारखान्यात शिवणारा पुरुष कारागीर असतो, दुकानात बसला की 'मास्टर' होतो. तेच मशीन घरात बाईच्या पायाखाली आलं की त्याची हौस का होते?

सरकारचा कारभारही याच शब्दावर चालतो. रोजगाराच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत वर्षानुवर्षं दोन संकेतांक आहेत. ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी. ९३ म्हणजे घरकाम करून शिवाय घरच्या वापरासाठी भाजीपाला, जळण, चारा गोळा करणारी, शिवणकाम, विणकाम करणारी. शिवणकाम हा शब्द सरकारी कागदावर छापलेला आहे, म्हणजे ते सरकारला दिसलेलं आहे! आणि दिसूनही या दोन्ही संकेतांकांतल्या बाया श्रमशक्तीच्या बाहेर धरल्या जातात. मुलांचे कपडे, गोधड्या, पिशव्या ती शिवते तेव्हा घरातून तेवढे पैसे बाहेर जायचे वाचतात. ती मिळकत नव्हे काय? जी बाई बाहेरचं शिवून पैसे घेते तिची तर मोजणी व्हायलाच हवी. पण पाहणीवाला दाराशी येतो तेव्हा उत्तर देतो घरातला पुरुष, "बायको ना? घरीच असते." झाली ९२!

आता स्वयंपाकघराकडे वळू. सरकारनंच केलेल्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरच्या माणसांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. वही काढून गुणाकार करा. २८९ मिनिटं रोज, म्हणजे वर्षाला सुमारे १७५८ तास. आठ तासांची पाळी धरली तर जवळजवळ २२० दिवस. आणि पुरुषांची ती ८८ मिनिटं फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांची आहेत. २०१९ च्या अशाच पाहणीत दर १०० पुरुषांत असे जेमतेम २६ सापडले होते, बायका ८१. ज्या घरात पुरुष पेला उचलून मोरीत ठेवत नाही, तिथला हिशोब तर वेगळाच.

रांधण्याला दाम नसतो, हेही खरं नाही. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका गिरणी कामगारांना दोन वेळ जेवू घालत होत्या, त्यावर गिरण्यांच्या पाळ्या चालत होत्या. सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी प्रेमा पुरव यांच्या पुढाकारानं १९७५ साली त्या अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आल्या. भाकरी तीच होती. एकेकटी थापत होती तोवर ती कोणाला दिसली नाही, संघटना झाली तेव्हा बँकेलाही दिसली.

हात बाईचे आणि नाव दुसऱ्याचं, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. वारली चित्रकला आज जगभर ठाऊक आहे. २०१४ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण लग्नघरात तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक लिहायचं काम होतं सवाष्णींचं, आणि लग्न लावणारी धवलेरीही बाईच. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी भिंती लिहिल्या, त्यावर कोणाची सही नव्हती. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यामार्फत कागद आणि रंग पाड्यावर आले, चित्राला गिऱ्हाईक आलं, आणि कुंचला बव्हंशी पुरुषांच्या हाती गेला. गंजाडचे जिव्या सोमा मशे थोर कलावंत होते. २०११ ची त्यांची पद्मश्री आपल्याही अभिमानाची आहे. आपला सवाल त्यांना नाही. आपला सवाल एवढाच, की भिंतीवर होती तोवर जी रीत होती, ती कागदावर जाताच कला कशी झाली, आणि त्या वेळी त्या सवाष्णी कुठे होत्या?

याचं उत्तर बऱ्याच अंशी प्रवासात आहे. बाजारापर्यंत जाईल त्याचं नाव होतं आणि दर ठरवण्याची ताकदही त्याच्याच हाती येते. घरात बसून शिवणारीला एकच गिऱ्हाईक भेटतं, दारात येणारा ठेकेदार. म्हणून बाईचं गाडीत बसणं ही चैन नाही. महालक्ष्मीच्या यात्रेला जा, माहेरी जा, कुणाच्या मयताला जा, कुणी हरकत घेत नाही. पण ती स्वतःच्या कामाला एकटी निघाली की घड्याळ बघितलं जातं. पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली अशी पहिली महिला विशेष गाडी धावली, पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत गेली. आपल्या डहाणूपर्यंत लोकल यायला १६ एप्रिल २०१३ उजाडावं लागलं. तोवर विरारच्या पुढच्या बायकांनी शटल आणि मेमूमध्ये लोंबकळून नोकऱ्या केल्या, भाज्या विकल्या, मासळीच्या पाट्या नेल्या. बायकांच्या डब्यात जाऊन बघा. एक भाजी निवडते आहे, एक लोकर विणते आहे, एक कानातली विकते आहे. तो डबा नव्हे, चालता कारखाना आहे. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बाईला अर्धं तिकीट झालं, तेव्हा पारावर काय ऐकलं? "बायका आता उगाच फिरायला लागल्या!" उगाच? दवाखाना, बाजार, कोर्ट, मुलीचं कॉलेज, यातलं उगाच काय आहे? आणि समजा उगाच फिरली, समुद्र बघायला गेली, तर काय बिघडलं? पुरुष नाक्यावर उभा राहतो त्याचा हिशोब कोणी मागतो का?

बाईच्या कामाची किंमत मात्र एका जागी होते: ती मेल्यावर, नुकसानभरपाईच्या दाव्यात. १९८९ साली जमशेदपूरच्या आगीत गेलेल्या गृहिणींच्या कामाचं मोल सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये महिना ३००० रुपये धरलं. मोटार वाहन कायद्याला १९९४ मध्ये जोडलेल्या परिशिष्टात तर मिळकत नसलेल्या बायकोची किंमत ठरत होती नवऱ्याच्या मिळकतीच्या एक तृतीयांश! म्हणजे साहेबाच्या बायकोची भाकरी महाग, हमालाच्या बायकोची स्वस्त. २०१० च्या एका निकालात न्यायालयानंच ताशेरे मारले, की २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्यासोबत 'काम न करणाऱ्यां'त घातलं आहे. आपलं म्हणणं थोडं वेगळं आहे. भिकारीण किंवा वेश्या आपल्या शेजारी बसवली याचं आपल्याला वाईट वाटत नाही, त्याही आपल्याच बहिणी. आपला राग आहे तो राबणारीला न राबणारी म्हणण्याचा. जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायालयानं घरकामाचं मोल पुन्हा ठासून मान्य केलं. चांगलं झालं. पण त्यासाठी बाईनं आधी मरावं लागतं, हे कसं चालेल?

यावर नेहमी दोन आक्षेप येतात. पहिला, "आईच्या मायेचा हिशोब करायचा का?" शिक्षिका मुलांवर माया करते म्हणून तिचा पगार कोणी कापत नाही. माया वेगळी, मेहनत वेगळी. माया मोजूच नका, मेहनत मोजा.

दुसरा आक्षेप आपल्यातल्याच मैत्रिणींचा आहे, आणि तो गंभीर आहे. घरकामाला दाम मागितला तर बाई चुलीलाच बांधली जाईल, असं त्या म्हणतात. १९७२ मध्ये इटलीतून ही मागणी निघाली तेव्हापासून हा वाद चालू आहे. मला वाटतं, मोजणं म्हणजे विकणं नव्हे. मोजल्याशिवाय वाटणीही मागता येत नाही. आइसलंडच्या बायकांनी २४ ऑक्टोबर १९७५ ला एक दिवस घरातलं आणि बाहेरचं काम बंद ठेवलं, तेव्हा सगळ्या देशाला कळलं की काम चालू होतं! आपल्याला चुलीचा पगार घेऊन चुलीपाशी बसायचं नाही. चूल दोघांची करायची आहे आणि मशीनला मजुरी मिळवायची आहे.

मदत म्हणून आपल्याला काय मिळतं तेही बघा. निवडणूक आली की शिलाई मशीनं वाटतात. फोटो निघतो, मशीन घरी येतं. काम कोण देणार, दर कोण ठरवणार, याबद्दल अवाक्षर नाही. आपल्या संस्थांनीही शिवण आणि पापडाचे वर्ग कमी का घेतले? दर ठरवण्याचा वर्ग आपण किती जणींनी घेतला? २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये सुरू झाले. गरजू बाईच्या हाती पैसे पडले, त्याला नाक मुरडणारी मी नाही. पण ते मिळतात बहीण म्हणून, कामगार म्हणून नव्हे. भाऊ ओवाळणी घालतो, मालक मजुरी देतो. ओवाळणी थांबली तर रुसता येतं. मजुरी थांबली तर लढता येतं.

घरात बसून दुसऱ्यासाठी माल तयार करणारी कामगारच आहे, हे आपल्या देशाच्या २००८ च्या असंघटित कामगार कायद्यातही लिहिलं होतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ मध्ये घरखेप कामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. 'सेवा'च्या बायकांचा त्यामागे मोठा वाटा होता. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ही मागणी आपण सोडायची नाही.

आणि एक काम आपल्या दाराशीच येणार आहे. २०२१ ची लांबलेली जनगणना २०२७ ची म्हणून १६ जून २०२५ ला जाहीर झाली. १९९१ च्या जनगणनेत शेतावरचं आणि घरच्या धंद्यातलं बिनमोबदला काम विचारणारे शब्द प्रश्नात आले, ते स्त्री कार्यकर्त्यांनी आणि अभ्यासकांनी पाठपुरावा केला म्हणून. शब्द आले तरी उत्तर आपणच द्यायचं आहे. तेव्हा मोजणीवाला आला की पुढे होऊन आपण बोलायचं. शिवते, धागे तोडते, पापड करून विकते, बाजारातून माल आणते, सगळं सांगायचं. 'घरीच असते' हे दोन शब्द कोणी लिहू लागला तर त्याला थांबवायचं.

पामच्या त्या मैत्रिणीनं आता वही घातली आहे. तारीख, काम, लागलेला वेळ, मिळालेले पैसे. न मिळालेल्यांचा रकाना वेगळा. पहिल्या आठवड्यात तिनं सवयीनं लिहिलं होतं, 'मुंबईला फिरायला गेले.' मग ते खोडून वर लिहिलं, 'मालाची खरेदी, अकरा तास.' शेजारच्या तिघींनीही वह्या आणल्या आहेत आणि फॉल-बिडिंगचा एकच दर लावायचं चौघींचं ठरतं आहे. ठेकेदार कुरकुरतो आहे. कुरकुरू दे. तुमच्या गावात वही कधी घालताय?