लोखंड विसरत नाही

ब्रेक-अपनंतर आठवड्याभरात 'मूव्ह ऑन' होणाऱ्या मंडळींना माझा सलाम. लोखंडालासुद्धा ते जमत नाही, बॉस! हसू नका. माझ्या एका इंजिनीअर मैत्रिणीची नोकरीच यावर चालते. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय वागण्याचं मॉडेल ती कॉम्प्युटरवर उभं करते.

फंडा सोपा आहे. ट्रान्सफॉर्मरच्या पोटात सिलिकॉन स्टीलच्या पातळ पत्र्यांचा गाभा असतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 वेळा त्याचं चुंबकत्व या टोकाहून त्या टोकाला जाऊन परत येतं. प्रत्येक अर्ध्या फेरीत पत्रे किंचित ताणले जातात. सोसायटीच्या कोपऱ्यातून येणारी ती घूंऽऽ म्हणूनच 100 हर्ट्झची!

आता गंमत बघा. वीज गेली तरी थोडं चुंबकत्व गाभ्यात उरतंच. ती नेमकी नको त्या क्षणी परत आली, की जुनं अन् नवं एकत्र येतं, गाभा 'फुल्ल' होतो आणि ट्रान्सफॉर्मर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. त्यामुळे मॉडेलला नुसतं आत्ताचं सांगून भागत नाही. आधी काय काय घडलं तेही सांगावं लागतं. चुंबकत्वाच्या या फेऱ्यांत वाया जाणाऱ्या ऊर्जेचं सूत्र स्टाइनमेट्झनं 1892 मध्ये दिलं. 1935 मध्ये प्राइझाखनं ही 'आठवण' मॉडेलमध्ये बसवली.

एवढा खटाटोप कशाला? 13 मार्च 1989 ची कॅनडातली पहाट आठवा. सौर वादळामुळे जमिनीतून जवळपास डीसी करंट क्युबेकच्या ट्रान्सफॉर्मर्समध्ये शिरला. गाभे एका बाजूला फुल्ल झाले, विजेची लहर बिघडली, ग्रिड सांभाळणारी यंत्रणा एकामागून एक ट्रिप झाली. साधारण 90 सेकंदांत सगळं ठप्प! 60 लाख लोक सुमारे 9 तास अंधारात. त्याच वादळात अमेरिकेत न्यू जर्सीच्या सेलम अणुवीज केंद्रातला एक ट्रान्सफॉर्मर कायमचा कामातून गेला. असली अवाढव्य मशिन्स दुकानात तयार मिळत नाहीत. ऑर्डर देऊन महिनोन्‌महिने थांबावं लागतं.

म्हणून आता बऱ्याच ठिकाणी ब्रेकर स्वतःच हिशोब करतो. गाभ्यात किती चुंबकत्व उरलंय ते बघून, लहरीच्या नेमक्या क्षणी स्विच ऑन! मैत्रीण म्हणते, "पास्ट पुसता येत नाही गं, पण टायमिंग आपल्या हातात असतं."

मला तरी पटलं. तुमचं काय?