सेलमधला संगणक घेण्याआधी झाकण उघडा

आपल्या वाङ्मय मंडळासाठी डेस्कटॉप घ्यायचं चाललंय. ई-अंकाची मांडणी दर वेळी कुणाच्या तरी लॅपटॉपवर होते आणि तो मुलगा पास होऊन गेला की फाइल्सही त्याच्याबरोबर जातात. त्यामुळे खरेदी व्हायलाच हवी. पण गेल्या बैठकीत ‘सेलमध्ये तयार सेट घेऊ, पुढे लागेल तसं अपग्रेड करू’ असं ठरत होतं, तेव्हा मी गप्प बसले. बसायला नको होतं. कारण हेच वाक्य दोन वर्षांपूर्वी मी आईला ऐकवलं होतं.

नाताळचा सेल होता. छापील किंमत ५२,००० रुपये, सेलमध्ये ३४,०००. आईची भिशी नुकतीच लागली होती. मला टायपिंगपलीकडे काही नको होतं, पण धाकट्या भावाला ॲनिमेशन शिकायचं होतं. ‘त्याची बारावी झाली की यात ग्राफिक्स कार्ड घालू,’ मी म्हटलं. आईने माझ्या शब्दावर पैसे काढून दिले.

यंदा त्याची बारावी झाली. सेट घेऊन आम्ही दुरुस्तीच्या दुकानात गेलो. अंकलनी झाकण उघडलं आणि मान हलवली. कॅबिनेट अरुंद, एसएमपीएस फक्त १८० वॉटचा. मोठा घालावा तर आतली जागा कंपनीच्या खास मापाची, मदरबोर्डची पिनही वेगळी. मदरबोर्ड बदलावा तर बाजारातला त्या कॅबिनेटमध्ये बसत नाही. म्हणजे एका कार्डासाठी तीन वस्तू बदलायच्या! भाऊ एवढंच म्हणाला, ‘राहू दे ताई.’

जाहिरात खोटी नव्हती. प्रोसेसर, रॅम, एसएसडी सगळं लिहिल्याप्रमाणेच होतं. एसएमपीएस आणि मदरबोर्ड यांच्याबद्दल मात्र एक ओळ नव्हती, आणि आम्ही विचारलंही नाही. माझं मत असं की, डेस्कटॉपचं भविष्य याच दोन वस्तूंवर ठरतं. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हा आराखडा आणला. त्या मापाने बनवलेले भाग वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तरी एकमेकांना जुळतात. त्याची मुख्य वीजजोडणी आज २४ पिनांची असते. ती दिसली नाही, तर ‘अपग्रेड करू’ हे बोलणं जपून करावं.

कुणी म्हणेल, अंकाला ग्राफिक्स कार्ड कशाला? बरोबर आहे. मांडणीसाठी एसएसडी आणि १६ जीबी रॅम पुरते. आमच्या घरच्या सेटमध्येही रॅमचा दुसरा स्लॉट रिकामा होता, तिथे ८ जीबीची आणखी एक पट्टी घातल्यावर माझं काम झकास चालतं. तयार सेट वाईट असतो असं मी म्हणत नाही. आज आहे तसा तो आपल्याला पुरत असेल, तर जरूर घ्यावा. फक्त उद्याच्या आशेवर पैसे मोजू नयेत.

म्हणून ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडे आतला फोटो मागू या. रॅमचे स्लॉट किती, त्यातला रिकामा कुठला, रॅम डीडीआर४ की डीडीआर५ हे विचारू या, कारण एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसत नाही. प्रोसेसर पुढे बदलता येईल का, हे सॉकेटवर ठरतं. एएमडीचं एएम४ २०१६ पासून अनेक पिढ्या चाललं, तर इंटेलचं एलजीए १२०० दोनच पिढ्यांपुरतं होतं. ऑफिसातून निघालेला जुना सेट स्वस्तात मिळत असेल, तर त्यावर विंडोज ११ चालतं का ते आधी बघावं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.

विक्रेत्याने फोटो दिला नाही, तर गावातल्या असेंबल करणाऱ्याकडे जाऊ. दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील. पैसे वर्गणीचे आहेत आणि हा संगणक आपण गेल्यावर येणाऱ्या मुलांनाही वापरायचा आहे. त्यांना ‘राहू दे’ म्हणायची वेळ येऊ नये. पुढच्या बैठकीत मी हे बोलणार आहे.