पिलरिगच्या नाक्यावर आता ट्राम थांबत नाही

एका गावाची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते, हे ट्रामच्या प्रवाशाला पावसात भिजत समजावे अशी सोय फार थोड्या शहरांनी केली असेल. स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा आणि तिला खेटून असलेले लीथ बंदर यांनी ती केली होती. एडिंबराची ट्राम केबलवर चाले. रस्त्याच्या पोटात सतत सरकणारा पोलादी दोर असे, ट्राम त्याला खालून पकडून पुढे जाई. दोर अडकला की त्या मार्गावरच्या सगळ्या ट्रामगाड्या जागच्या जागी उभ्या राहत. लीथकरांनी १९०५ मध्ये आपली ट्राम विजेवर आणली. मग लीथहून एडिंबराला निघालेल्या माणसाने काय करावे? हद्दीवर, पिलरिगच्या नाक्यावर उतरावे, पोरेबाळे आणि बोचकी सांभाळत रस्ता चालून जावे आणि दुसऱ्या गावाची दुसरी ट्राम पकडावी. लोकांनी या प्रकाराला ‘पिलरिगचा घोळ’ असे नावच देऊन टाकले.

१९२० मध्ये लीथ एडिंबरात विलीन झाले. म्हणजे केले गेले. लीथकरांचे मत घेतले होते. पाचास एक अशा प्रमाणात त्यांनी नकार दिला होता, पण तो कुणी ऐकला नाही. दोन वर्षांनी विजेची ट्राम पिलरिगवरून सलग धावू लागली, तेव्हा राग थोडा निवळला असावा. पुरता निवळला असे नाही. आजही लीथचा माणूस स्वतःला एडिंबराचा म्हणवून घेताना जरा अडखळतो.

पुढे मोटारी आणि बसगाड्यांचा जमाना आला. रूळ म्हणजे रस्त्यातली अडगळ, असे सगळ्याच देशांतल्या पालिकांना वाटू लागले. एडिंबराची शेवटची ट्राम १६ नोव्हेंबर १९५६ रोजी धावली. तिला निरोप द्यायला रस्त्यांच्या दुतर्फा गर्दी लोटली होती. आपल्या मुंबईने तोच निरोप ३१ मार्च १९६४ च्या रात्री दिला. निरोपाला गर्दी करणारे लोक आदल्या वर्षी कशाने प्रवास करत होते, हा प्रश्न अशा वेळी विचारू नये.

एडिंबराला ट्रामची आठवण पुन्हा झाली ती नव्या शतकाच्या सुरुवातीला. शहर मध्यम आकाराचे, वस्ती पाच लाखांच्या आसपास. एवढ्या शहराला भुयारी रेल्वे परवडत नाही आणि नुसत्या बसवर भागत नाही. अशा ठिकाणी रस्त्यावरूनच, पण शक्य तिथे स्वतःच्या राखीव पट्ट्यातून धावणारी हलकी रेल्वे हा मधला मार्ग असतो. मात्र तिचा मार्ग आखणे हे बसचा मार्ग आखण्याइतके सोपे काम नाही. बसचा मार्ग चुकला तर उद्या पाटी बदलता येते. रूळ एकदा पडले की पन्नास वर्षे तिथेच राहतात. कुणाच्या दुकानासमोर थांबा येणार, कुणाच्या दारासमोरची गाडी लावायची जागा जाणार, कोणती वस्ती दवाखान्यापासून दहा मिनिटांवर येणार आणि कोणती पाऊण तासावरच राहणार, हे नकाशावरच्या त्या एका रेघेने ठरते. म्हणून रेघ ओढणाऱ्याच्या हाताकडे सगळे टक लावून बसतात.

एडिंबराच्या नकाशावर तेव्हा तीन रेघा ओढल्या गेल्या. पहिली शहरातून लीथला, तिथून किनाऱ्याने ग्रँटनला आणि रोझबर्नवरून परत अशी वळसा घेणारी. दुसरी पश्चिमेला विमानतळाकडे. तिसरी आग्नेयेला, रॉयल इन्फर्मरी या मोठ्या रुग्णालयाच्या बाजूला. तिसरीचा पैसा शहरात येणाऱ्या मोटारींवर दिवसाला दोन पौंड कर बसवून उभा करायचा होता. फेब्रुवारी २००५ मध्ये त्यावर लोकांचे मत घेतले. तीन-चतुर्थांश मतदारांनी ‘नाही’ म्हटले. कर गेला, त्याबरोबर रुग्णालयाची रेघही पुसली गेली. उरलेल्या दोन रेघांना २००६ मध्ये स्कॉटिश संसदेने कायदे करून मान्यता दिली. पैसा बेताचा म्हणून दोन्हींचे तुकडे जोडून पहिला टप्पा ठरला: विमानतळ, प्रिन्सेस स्ट्रीट, लीथ, न्यूहेवन. लांबी सुमारे साडेअठरा किलोमीटर.

कागदावर हे झकास होते. स्कॉटलंडमधली अतिशय दाट वस्ती लीथ वॉक या रस्त्याच्या दोन्ही अंगांना आहे, आणि बंदराच्या रिकाम्या जागेत हजारो नवी घरे उठायची होती. ट्रामला उतारू मिळणार ते तिथे. पश्चिमेची बाजू बांधायला सोपी, कारण बराचसा रूळ मोकळ्या जमिनीतून आणि रेल्वेमार्गाच्या कडेने जात होता. अवघड होते ते मधले शहर आणि लीथ.

मग खोदकाम सुरू झाले. जुन्या शहराचा रस्ता म्हणजे वरून डांबर आणि खाली गोधडी. पाण्याच्या नळांखाली गॅसचे नळ, त्याखाली गटार, मध्ये टेलिफोनच्या तारा, आणि कशाचाही नकाशा नेमका नाही. लीथच्या कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटवर चर्चच्या भिंतीबाहेर, थेट रस्त्याखाली, शेकडो माणसांचे सांगाडे निघाले. एके काळी चर्चचे कबरस्तान तिथवर पसरलेले होते, रस्ता त्याच्यावरून गेला होता. पुरातत्त्व अभ्यासकांनी ते काळजीने उचलले. डंडी विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी काही कवट्यांवरून त्या सहाशे-चारशे वर्षांपूर्वीच्या लीथकरांचे चेहरेही घडवले. लीथच्या मेलेल्यांचे चेहरे असे लोकांपुढे आले. जिवंतांना मात्र ट्रामचे तोंड दिसेना.

कारण एव्हाना पालिकेची ट्रामकंपनी आणि कंत्राटदार एकमेकांच्या उरावर बसले होते. करार २००८ मध्ये झाला तेव्हा किंमत जवळजवळ पक्की आहे असे नगरसेवकांना सांगितले होते. प्रत्यक्षात करारात अशी कलमे होती की आराखडा जरा बदलला, जमिनीखाली काही वेगळे निघाले की बिल वाढावे. आराखडा पुरा झालेला नव्हता आणि नळ हलवलेले नव्हते, तेव्हा बिल रोज वाढायला मोकळे होते. काम थांबे, पुन्हा सुरू होई, पुन्हा थांबे. लीथ वॉकवर खड्डे खणले, बुजवले, परत खणले. खाटीक, बेकरीवाले, न्हावी, कपड्यांचे छोटे दुकानदार अशांचा हा रस्ता. दारापुढे कुंपण आणि चिखल असला तर उंबरठा चढतो कोण? दर सहा महिन्यांनी त्यांना सांगितले जाई की एकदा ट्राम आली की भरभराट आहे.

त्यातच २००८ चे आर्थिक अरिष्ट आले आणि बंदरावरची नवी घरे कागदावरच राहिली. ऑगस्ट २०११ मध्ये तर ट्राम हेमार्केट स्थानकाशीच तोडावी, प्रिन्सेस स्ट्रीटपर्यंतही नेऊ नये, असा ठराव पालिकेने केला. सरकारने पैसे रोखण्याची तंबी दिल्यावर काही दिवसांत तो फिरवला. शेवटी ३१ मे २०१४ रोजी ट्राम सुटली ती विमानतळ ते यॉर्क प्लेस अशी १४ किलोमीटर. ५४ कोटी ५० लाख पौंडांत न्यूहेवनपर्यंत जायचे होते. ७७ कोटी ६० लाख खर्चून ती लीथ वॉकच्या तोंडाशीच थांबली. गाड्या मात्र पुऱ्या मार्गाच्या हिशेबाने आधीच घेऊन ठेवलेल्या, प्रत्येकी त्रेचाळीस मीटर लांबीच्या सत्तावीस. सोपी बाजू झाली, गरजेची बाजू राहिली. सूटबूट घातलेला प्रवासी विमानातून उतरून ट्राममध्ये बसू लागला, आणि ज्यांच्या दारापुढे वर्षानुवर्षे खणले ते लीथकर पुन्हा बसच्या रांगेत उभे राहिले.

त्याच वर्षी लॉर्ड हार्डी यांची चौकशी नेमली. प्रत्यक्ष बांधकामाला सहा वर्षे लागली होती; चौकशीला नऊ लागली. खर्च सुमारे १ कोटी ३० लाख पौंड. सप्टेंबर २०२३ मध्ये अहवाल आला, त्यात मुख्य ठपका पालिकेच्याच ट्रामकंपनीवर होता, आणि टाळता येण्याजोग्या चुकांची लांबच लांब माळ होती. कंपनी २०११ मध्येच मोडीत काढली होती, हे वेगळे.

अहवालाची वाट न पाहता शहराने दरम्यान एक धाडस केले. मार्च २०१९ मध्ये राहिलेला तुकडा, यॉर्क प्लेस ते न्यूहेवन, बांधायचे ठरवले. या वेळी नियम असा की रस्त्याचा एक पट्टा घ्यायचा तो एकदाच. नळ, तारा, पुरातत्त्व, रूळ सगळे तिथे उरकायचे, रस्ता बंद करून द्यायचा आणि मगच पुढे सरकायचे. एकाने बुजवले की दुसऱ्याने खणायला येणे बंद. दुकानदारांसाठी मदतनिधी ठेवला, त्यांचा माल उतरवून दुकानापर्यंत पोचवायची व्यवस्था केली. करोनाने काम मध्ये थांबवले. तरीही ७ जून २०२३ रोजी ट्राम न्यूहेवनला पोचली. २० कोटी ७० लाख पौंडांच्या अंदाजात काम बसले. सगळेच साधले असे नव्हे. लीथ वॉकवरची सायकलची वाट इतकी वेडीवाकडी आखली होती की तिची छायाचित्रे देशभर थट्टेचा विषय झाली. रुळांच्या खाचेत चाक अडकून सायकलस्वार पडण्याचे प्रकार तर पहिल्यापासूनचे. २०१७ मध्ये प्रिन्सेस स्ट्रीटजवळ एकीचा जीव गेला होता. पण उतारू आले. २०१९ मध्ये वर्षाला पाऊण कोटीच्या आसपास प्रवासी होते, ते २०२४ मध्ये एक कोटी वीस लाखांच्या घरात गेले. रेघ वस्तीतून नेली की काय होते ते यात दिसले. पिलरिगच्या जुन्या हद्दीवर या ट्रामचा थांबा नाही. ती तिथून सरळ निघून जाते. खोदताना मिळालेली जुन्या केबल ट्रामची लोखंडी चाके तेवढी रस्त्याकडेला मांडून ठेवली आहेत.

एडिंबराशी आपला एक धागा आहे. नगररचनेतला मोठा माणूस पॅट्रिक गेडीस याच शहराचा. जुन्या एडिंबराच्या कोंदट गल्ल्या त्याने पाडल्या नाहीत. तिथे राहायला जाऊन एकेक वाडा दुरुस्त केला. पुढे तो हिंदुस्थानात आला, १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला, डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्याचे विद्यार्थी. गावोगाव त्याचा आग्रह एकच, की आधी पायी हिंडा, मग नकाशावर पेन्सिल टेका. इंदूरला होळकरांच्या राज्यात प्लेगच्या दिवसांत त्याने काढलेल्या दिवाळीच्या मिरवणुकीची गोष्ट सांगतात. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार, असे सगळे विचारू लागले. गेडीस म्हणाला, ज्या आळीतले लोक आपली घरे आणि रस्ता सर्वांत स्वच्छ करतील त्या आळीतून. झाले, गावभर झाडू आणि चुना यांची धांदल उडाली. मार्ग कोणाला मिळणार हे आधी जाहीर न करण्यात केवढी ताकद असते, हे त्या वल्लीला ठाऊक होते. ट्रामच्या बाबतीत ही युक्ती चालणार नाही, हा भाग निराळा.

आपल्याकडेही मध्यम शहरांसाठी हाच विचार सुरू झाला आहे. केंद्राने २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’ या हलक्या रेल्वेची मानके ठरवून दिली. नाशिकसाठी रुळांऐवजी रबरी चाकांवर धावणारी ‘निओ’ सुचवली गेली, आणि २०२१ च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपयांच्या खर्चाची घोषणा झाली. ज्या नाशिकला एके काळी गावातून नाशिक रोड स्टेशनला जायला ट्राम होती, तिथल्या म्हाताऱ्यांना यात नवे काय ते कळले नसेल.

एडिंबराच्या टेबलावर आता पुढची रेघ आहे: उत्तरेला ग्रँटन, दक्षिणेला रॉयल इन्फर्मरी. वीस वर्षांपूर्वी पुसलेलीच तिसरी रेघ, पुन्हा ठळक झालेली. खर्च अब्जावधी पौंडांचा. पण २०२५ मध्ये हा मार्ग लोकांपुढे मांडला तेव्हा खडाजंगी झाली ती पैशावरून कमी आणि झाडांवरून जास्त. ग्रँटनला जायला दोन वाटा आहेत. एक रोझबर्नची, जुन्या रेल्वेची. तिथले रूळ उखडून गेले त्याला कित्येक वर्षे झाली. ट्रामसाठी जागा राखून ठेवली होती, तिथे मधल्या काळात रान वाढले, बिज्जूंनी बिळे केली, पोरे सायकल शिकली, आजी-आजोबा फिरायला जाऊ लागले. ट्राम तिथून नेली तर काम स्वस्त, प्रवास जलद, पण ती हिरवी बोळ जाणार. दुसरी वाट ऑर्चर्ड ब्रेची, रस्त्यावरून. ती वेस्टर्न जनरल रुग्णालयालगत जाते, घरे आणि उतारू जास्त, पण गर्दीही जास्त. आणि मध्ये डीन ब्रिज आहे. टॉमस टेलफर्डने १८३१ मध्ये पुरा केलेला, नदीपासून शंभर फूट उंच असा तो दगडी पूल घोड्यांच्या बग्ग्यांसाठी बांधला होता. त्रेचाळीस मीटरची ट्राम त्याच्यावर चढवायची तर आधी त्याच्या पोटात शिरून पाहावे लागेल.

राखीव जागा ही ट्रामची, की इतकी वर्षे ती वापरणाऱ्यांची? कागद पालिकेच्या बाजूने आहे. ग्रँटनला नव्या वस्तीत राहायला आलेल्या माणसाला बिज्जू बघायचे नसतात, त्याला सकाळच्या पाळीला वेळेवर पोचायचे असते. रोझबर्नच्या वाटेवर नातवाचा हात धरून चालणारी बाईही खोटे बोलत नसते. दोघांनीही आपापली पत्रे पालिकेकडे धाडली आहेत.