स्मृतिभ्रंश झालेल्या आईला ठेवायचे, तर ते घर तपासणार कोण?

डिसेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत एक विधेयक मांडले होते. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा जो २००७ चा कायदा आहे, त्यात दुरुस्ती करणारे. त्यात ज्येष्ठांच्या निवासी केंद्रांची नोंदणी होती. जेवण, इमारत, वैद्यकीय सोय यांचा किमान दर्जा केंद्राने ठरवायचा होता. घरी येऊन सेवा देणाऱ्या एजन्सींनाही त्याच चौकटीत आणायचे होते. विधेयक स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित होताच ते व्यपगत झाले. यावर कुठे ओरड झाली नाही. स्मृतिभ्रंश झालेल्यांचा मोर्चा निघत नाही.

याचा परिणाम समुद्रपूरसारख्या तालुक्यातल्या घरावर काय होतो, हे आम्हाला इथे मांडायचे आहे. कारण आजघडीला देशभर लागू होईल असा किमान दर्जा नाही. वृद्धाश्रमाच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेले जे प्रमाणपत्र आपण पाहतो, ते बहुधा धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचे असते. संस्था कागदोपत्री अस्तित्वात आहे, एवढेच ते सांगते. रात्री दोन वाजता आजी पलंगावरून पडली तर तिला उचलायला कोण येते, हे त्यात लिहिलेले नसते.

हा शहरातल्या पेन्शनवाल्यांचा आजार आहे, असा समज आपल्याकडे पक्का आहे. आकडे उलटे सांगतात. देशातील ज्येष्ठांची जी मोठी पाहणी झाली, तिचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : साठीच्या पुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. शहरात ५.३ टक्के, तर खेड्यात ८.४ टक्के. पुरुषांत ५.८, स्त्रियांत ९. शाळा न पाहिलेल्यांत प्रमाण अधिक. खेडे, बाई आणि अक्षरओळख नाही, हे तिन्ही एकत्र आले की जी म्हातारी डोळ्यासमोर येते ती आपल्याच वस्तीतली असते. आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदण केलेली, कापूस वेचलेली, अंगठा उठवणारी. तिचे बोलणे बिघडले की गाव म्हणते, ‘साठी बुद्धी नाठी’. आणि दवाखाना राहूनच जातो.

तेव्हा कुठलेही घर बघायला जाण्याआधी दवाखाना. थायरॉइड कमी होणे, बी-१२ ची कमतरता, नैराश्य, लघवीतला जंतुसंसर्ग, पडल्यामुळे मेंदूवर साचलेले रक्त, एवढेच काय कमी ऐकू येणे, यांनीही माणूस भ्रमल्यासारखा वागतो आणि यातले बरेच काही उपचाराने सुधारते. जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, दोन्हीकडे मनोविकार विभाग आहे. मात्र तपासणी करणाऱ्याला एक गोष्ट आधीच सांगावी : आई शिकलेली नाही. वाक्य लिहून दाखवा, शंभरातून सात वजा करा, अशा चाचणीत ती निरोगी असतानाही नापास झाली असती. निरक्षरांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत. त्या मागून घ्याव्यात.

निदान पक्के झाले, तरी लगेच कुणी घराबाहेर ठेवत नाही. वर्ष-दोन वर्षे ओढले जाते. ओढते कोण? बहुतेक वेळा सून, नाहीतर लग्न न झालेली किंवा माहेरी परतलेली मुलगी. तिची मजुरी बुडते, झोप जाते, आणि सासू तिच्यावरच भाकरी चोरल्याचा आळ घेते. तो आजाराचा भाग असतो हे तिला कुणी सांगितलेले नसते. शेवटी ती म्हणते, आता माझ्याने होत नाही. मग भावकी बोलू लागते, ‘मायले टाकून देल्लं’. आमचे मत स्पष्ट आहे. चांगल्या घरात ठेवणे म्हणजे टाकणे नव्हे, आणि घरात कोंडून बाहेरून कडी लावणे म्हणजे सांभाळणे नव्हे. २००७ च्या कायद्याच्या २४ व्या कलमात वृद्धाला पूर्णपणे सोडून देण्याच्या हेतूने कुठेतरी ठेवून येणे हा गुन्हा आहे. चौकशी करून, खर्च भरून, भेटी देत ठेवणे हा नाही.

अडचण पैशाची आहे. साध्या वृद्धाश्रमाच्या प्रवेशअर्जात सहसा एक अट असते : आपली कामे आपण करता आली पाहिजेत. स्मृतिभ्रंशाचा माणूस तिथेच बाद होतो. खास या आजारासाठीची निवासी केंद्रे प्रामुख्याने पुणे-मुंबईसारख्या मोठ्या शहरांत आहेत, आणि त्यांची फी महिन्याला पाच आकडी असते. महिना ३०,००० रुपये धरले, तर २०२५-२६ च्या हमीभावाने, म्हणजे लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल या दराने, जवळपास पावणेचार क्विंटल कापूस दर महिन्याला. श्रावणबाळ योजनेतून आजीला मिळतात १,५०० रुपये. सत्तरीपुढच्या सर्वांना २०२४ पासून पाच लाखांचे आयुष्मान कवच मिळाले, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावरच्या उपचारासाठी आहे, वर्षानुवर्षे राहण्याच्या खर्चासाठी नाही.

एकाच मुलावर भार पडतो आणि बाकीचे फोन उचलत नाहीत, हेही नेहमीचे. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्याचे निर्वाह न्यायाधिकरण आहे. समुद्रपूरकरांसाठी ते हिंगणघाटला. आई स्वतः अर्ज करू शकत नसेल तर तिच्या वतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्था करू शकते, न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. मर्यादा महिना १०,००० रुपये. तीही २०१९ च्या विधेयकात काढून टाकायची होती.

आता घर बघायला जाणे. जाम चौरस्त्यावरून नागपूर धरा, हिंगणघाट धरा की वरोरा-चंद्रपूर, जिथे जाल तिथे तुम्हाला सकाळी अकराची वेळ देतील. अकरा वाजता सगळी घरे चांगली दिसतात. अंघोळी झालेल्या असतात, फरशी पुसलेली असते, व्यवस्थापक मोकळे असतात. ती भेट घ्या, पण दुसऱ्यांदा न सांगता दिवेलागणीला जा. या आजारात संध्याकाळी बेचैनी वाढते. माणसे ‘घरी जायचं’ म्हणत दाराशी येतात, रडतात, अंगावर धावून जातात. त्या तासाभरात तिथले कर्मचारी काय करतात, ते पाहा. हात धरून दोन फेऱ्या मारतात, की ओरडून बसवतात? संध्याकाळी आत येऊच देत नसतील, तर उत्तर मिळाले असे समजा.

आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न रात्रीचा आहे. रात्री किती जण जागे असतात आणि किती माणसांमागे? ‘आमचा स्टाफ इथेच राहतो’ हे त्याचे उत्तर नव्हे. इथे राहणारा म्हणजे इथे झोपणारा. तीस जणांमागे एक बाई असेल, आणि तीच बाई सकाळी नाश्ता करत असेल, तर ती कितीही मायाळू असली तरी कुणाला तरी बांधून ठेवल्याशिवाय तिची रात्र निभणार नाही.

बांधण्याबद्दल थेट विचारावे. मनगटावर, घोट्यावर पट्ट्याचे वळ आहेत का, ते नजरेने पाहावे. दिवसा निम्म्याहून अधिक जण झोपलेले दिसले तर गोळ्या कुणी लिहून दिल्या, किती दिवसांपासून चालू आहेत, डॉक्टर शेवटचे कधी आले, हे विचारावे. माणूस शांत ठेवायला ज्या मनोविकाराच्या गोळ्या वापरतात, त्यांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. कधीकधी त्या द्याव्या लागतात, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली, कमी मात्रेत, ठरावीक काळ. आपल्याकडे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे. त्यातील व्याख्येत दिशाभान आणि स्मरणशक्ती यांतला गंभीर बिघाडही येतो. साखळीने बांधायला त्यात पूर्ण मनाई आहे. इतर प्रकारे जखडायचे तर दुसरा कोणताही उपाय नसताना, मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने, नोंद करून. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी नाही. म्हणून संस्थेची या कायद्याखाली राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

जेवणाच्या वेळी बसा. ताट समोर ठेवून निघून गेले, तर या आजाराचा माणूस तसाच बसून राहतो, आणि नंतर ‘आजी जेवत नाहीत’ अशी नोंद होते. भरवायला किती वेळ देतात? वजन दर महिन्याला करतात का? वही दाखवा म्हणावे. टाचा आणि कंबर यांवर जखमा आहेत का? डायपर दिवसातून किती वेळा बदलतात, त्याचा खर्च कुणाचा? संडासाला दर दोन-तीन तासांनी नेतात की डायपरवरच सोडून देतात? लघवीचा वास येणे वाईट, पण फिनाइलचा फार वास येत असेल तरी थोडे थांबून बघावे.

करारात एक ओळ शोधावी : प्रकृती खालावली तर पुढे काय? पुष्कळ ठिकाणी पहिली दोन वर्षे ठेवतात, आणि माणूस अंथरुणाला खिळला की घेऊन जा म्हणतात, अनामतीचे बघू म्हणतात. शेवटपर्यंत ठेवणार का, रात्री कोणत्या दवाखान्यात नेणार, गाडी कुणाची, फोन कुणाला, हे लिहून घ्यावे. घराच्या, शेताच्या कागदावर आजीचा अंगठा मागणारे कुणीही असो, संस्थेचे किंवा आपल्याच रक्ताचे, तिथे थांबावे.

आणखी काही प्रश्न आपले आहेत, जे इतरांच्या यादीत नसतात. पंगतीत आडनाव विचारून बसवतात का? पाण्याचा माठ एकच आहे का? रोजची आरती सक्तीची आहे का? मुलाचे नाव विसरलेली म्हातारीही त्रिसरण-पंचशील पुष्कळदा न अडखळता म्हणते, कारण लहानपणापासून तोंडी बसलेले उशिरा पुसले जाते. ते तिला म्हणू देतील का, उशाशी बाबासाहेबांचा फोटो राहू देतील का? हा श्रद्धेचा हट्ट नाही. ओळखीचे सगळे सुटत असताना जे हाताशी उरते, तेच काढून घेतले तर माणूस अधिक बिथरतो. तिच्या आयुष्याचे एक पान लिहून संस्थेला द्या : माहेर कुठले, काय काम केले, कोणती गाणी, कशाची भीती. वऱ्हाडी बोलणारी एक तरी बाई तिथे असावी. आणि निवडायला डाळ, वळायला वाती द्यायला सांगा. कष्टाच्या हातांना रिकामे बसणे सोसत नाही.

सेवकाचा कस कसा लावायचा, हे विनयपिटकातल्या महावग्गात नेमके आहे. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूकडे कुणी बघत नव्हते, कारण तो कुणाच्या उपयोगाचा नव्हता. भगवान बुद्धांनी आनंदाबरोबर त्याला स्वतः धुतले. त्यानंतर शुश्रूषा करणाऱ्याचे जे पाच गुण येतात त्यांत औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र, थुंकी, ओकारी काढताना किळस न वाटणे आणि रुग्णाला वेळोवेळी धीर देणे आहे. यातले लाभाचे कलम मात्र आजच्या काळात जपून वाचावे लागते. ही कामे करणाऱ्या मावश्या बऱ्याचदा आपल्याच वस्त्यांतल्या असतात. त्यांचा पगार किती, आठवड्याची सुट्टी आहे का, ड्यूटी बारा तासांची की चोवीस, हे विचारायला लाजू नये. चोवीस तास राबवलेल्या बाईकडून मैत्रीची अपेक्षा करणे हा तिच्यावरच अन्याय आहे.

हे सगळे तपासणे खरे तर कुटुंबाचे काम नव्हे. २००७ च्या कायद्याचे १९ वे कलम म्हणते की, राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार ज्येष्ठांना सामावेल असा वृद्धाश्रम उभारू शकेल. ‘उभारू शकेल’ या शब्दावरच सतरा-अठरा वर्षे गेली. १३ डिसेंबर २०१८ रोजी डॉ. अश्वनी कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती राज्यांकडून गोळा करायला केंद्राला सांगितले. म्हातारपणी आणि आजारात सरकारी साहाय्य, हे तर संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदातच आहे.

वर्ध्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे माहिती अधिकारात अर्ज करायला दहा रुपये लागतात. जिल्ह्यात ज्येष्ठांची निवासी केंद्रे किती, त्यांतली किती स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना घेतात, गेल्या तीन वर्षांत कोणत्या अधिकाऱ्याने कधी पाहणी केली, पाहणी अहवालांच्या प्रती द्या. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे. समुद्रपूर, गिरड, जाम इथल्या विहार समित्यांनी एकेक अर्ज टाकावा, आणि जे उत्तर येईल ते, ‘माहिती निरंक’ असले तरी, आमच्याकडे पाठवावे. आम्ही ते जसेच्या तसे प्रसिद्ध करू. तोवर कुणाला तातडीने बोलायचे असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दोन सरकारी क्रमांक आहेत.