गच्चीवरचे पॅनेल आणि वाऱ्याचे गणित
‘पीएम सूर्यघर’ योजनेत एका घरासाठी कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. स्लॅबला भोके पाडली की गळती, ही धास्ती मात्र रास्तच. म्हणून सांगाडा न ठोकता काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या वजनावर उभा करण्याची पद्धत सोयीची वाटते. पण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो : वेग दुप्पट, जोर चौपट. भारतीय मानकात मूळ वेग पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर, मुंबईसाठी ४४. एवढ्याशा फरकाने मुंबईत वजन सुमारे सव्वापट लागते, तेही इमारतीची उंची सारखी धरली तर. गच्चीच्या कडेला, कोपऱ्यांत वारा पॅनेल आणखी जोराने उचलतो. ठोकळे वाढवावेत, तर जुना स्लॅब तो भार पेलेल का? कोटेशनवर सही करण्याआधी सोसायटीने हा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून लेखी घ्यावा.