पहारेकऱ्यांची भूल

एकाच मुलाला वारंवार न्यूमोनिया व्हावा आणि त्याच्याच शरीराने स्वतःच्या रक्तपेशींचा नाश करावा, या दोन्ही आपत्तींचे मूळ एकच असू शकते. रोगप्रतिकारक पेशींत जन्मजात दोष असला, की त्या जंतूंपुढे दुबळ्या ठरतात आणि आप्त-परका हा विवेकही गमावतात. हा विवेक राखणाऱ्या पेशींच्या संशोधनाला २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निदानाची सोय मुंबईत आहे. परंतु अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यातल्या मुलाला तेथवर धाडणार कोण? याच जिल्ह्यात, जामखेडला, १९७० मध्ये कार्य आरंभून आरोळे दांपत्याने अल्पशिक्षित स्त्रियांतून आरोग्यसेविका घडविल्या. तीच जाण आरोग्यकेंद्रांत रुजविणे शासनाचे कर्तव्य आहे. हजेरीपटावरील सततची गैरहजेरी शिक्षकांनीही निव्वळ आळस समजू नये.